सात कडव्यांचा वन्स मोअर

सुनंदाचा फोन आला तेव्हा मी ड्राइव्हवेवरचा बर्फ काढत होतो. "दादा, मार्सेल गेला," एवढंच म्हणाली. सुनंदा माझी मावसबहीण, मार्सेल तिचा फ्रेंच नवरा. गेलेल्याबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण मग मार्सेलच्या गाण्याबद्दल मला काहीच लिहिता येणार नाही.

तरुणपणी तो पॅरिसच्या कॅफेंमधून स्वतः रचलेली गाणी गायचा म्हणे. दोन रेकॉर्डी निघाल्या, त्या विकत घेतलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. अमेरिकेच्या दौऱ्यावर आला, दौरा शिकागोत बारगळला आणि हे गृहस्थ जवळच्याच नेपरव्हिलला आमचे जावई होऊन राहिले. पुढची कारकीर्द लायब्ररीत, वृद्धाश्रमात आणि शनिवारच्या भाजीबाजारात. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! गाण्याला ‘साँग’ म्हटलं की लगेच दुरुस्त करायचा, ‘शाँसों’. आणि गाण्यापेक्षा गिटार लावायलाच जास्त वेळ...

सुनंदाच्या हट्टापायी इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीत त्याला गायला बसवलं. त्याच्या गावच्या एका कोळ्याचं गाणं, सात कडवी, सगळी फ्रेंचमध्ये. तिकडे पुऱ्या गार होत होत्या. सातवं संपलं आणि मी मागच्या रांगेतून ओरडलो, "वन्स मोअर!" आपल्याकडे पडेल नटाची अशी ओरडून कशी टर उडवतात, हे मराठी माणसाला सांगायला नको. शेजारचे हसले. मार्सेलने सुनंदाकडे पाहिलं, तिने माझ्याकडे. मग तिने त्याला सांगितलं, लोकांना पुन्हा ऐकायचंय. त्याने डोळे पुसले आणि सातही कडवी पुन्हा म्हटली.

पुढे ही गोष्ट तो भेटेल त्याला सांगायचा आणि मी मान खाली घालायचो. शेवटी माफी मागायचीच असं ठरवून हॉस्पिटलात गेलो. मला पाहून तो उशीवरूनच हसला, "वन्स मोअर?" म्हणाला... मी थंडीबद्दल काहीतरी बोललो आणि परत आलो. माफी न मागता आलो, याची मला लाज वाटते.

गेल्या आठवड्यात त्याच्या मुलीने, क्लेअरने, त्याची शेवटची सीडी आणून दिली. त्याच दिवाळीचं रेकॉर्डिंग, माझ्या आरोळीसकट. मी तिला सगळं सांगून टाकलं.

"पपांना माहीत होतं, मामा. मॉमने घरी जाताना कारमध्येच सांगितलं."

"मग माझं ओरडणं ठेवलं कशाला?"

"ते म्हणायचे, बाकी सगळे फोन चेक करत होते. गाणं संपलं, हे फक्त तुम्हाला कळलं. सो यू वेअर लिसनिंग."

पाहिलात तोरा? टर उडवली, तीसुद्धा याने दाद म्हणून खिशात घातली.

सीडी माझ्या जुन्या गाडीत असते. गाणं अजूनही रटाळच आहे. सात कडवी संपतात, माझा आवाज येतो आणि तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. तोवर घर आलेलं असतं. ड्राइव्हवेत गाडी उभी करून मी उरलेली कडवी ऐकतो, मगच आत जातो.