दवबिंदूची कुंडी

वनस्पतिशास्त्र शिकवण्यात माझी सारी नोकरी गेली. कोकणातल्या सड्यावरच्या, म्हणजे कातळपठारावरच्या निकस मातीत वाढणारी दवबिंदू ही वनस्पती मी दरवर्षी फळ्यावर काढत असे. वाढवली कधीच नव्हती. निवृत्तीनंतर एका जुन्या विद्यार्थिनीने बियांपासून केलेली सहा रोपे आणून दिली. म्हणाली, "सर, फुलापर्यंत न्या. मला जमलं नाही."

सदाशिव पेठेतल्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत कुंडी ठेवली. पंधरा दिवसांत पाच रोपे काळी पडली. चौकशी केली. पत्नी रोज सकाळी तांदळाचे धुवण घालत होती. कडेने शेणखतही दाबले होते.

"अहो, नुसती वाळू आहे त्यात. उपाशी मारताय त्यांना."

"त्यांना उपासाची सवय आहे."

"सवय म्हणजे आवड नव्हे. आणि हे कोण सांगतंय? एक एकादशी निभत नाही तुम्हांला."

जे आयुष्यभर वर्गाला सांगितले, ते घरात एकदाही सांगितले नव्हते.

उरलेले रोप जेमतेम रुपयाच्या नाण्याएवढे होते. त्याची मुळे धुतली, धुतलेल्या वाळूत लावले. नळाचे पाणी बंद केले. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी आणलेले शुद्ध पाणी घालू लागलो.

"आता बॅटरीचं पाणी! पडेल उजेड," पत्नी म्हणाली.

तेव्हा तिला प्रथमच समजावून सांगितले. ज्या मातीत नत्र जवळजवळ नाही, तिथे मुळांवर विसंबून भागत नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्या रोपांना पानांनी किडे धरता आले, ती टिकली, बाकीची गेली. मुळे नावापुरती उरली. त्यांना खत घालणे म्हणजे जाळणे.

बोलता बोलता तिने बोट दाखवले. पानावरच्या चिकट थेंबांत एक चिलट अडकले होते. तांबडे केस सावकाश त्याच्यावर वाकत होते. आम्ही दोघे उभेच राहिलो. कुकरच्या शिट्ट्या कोणीही मोजल्या नाहीत.

त्यानंतर नवी पाने आली, मग देठ. एका सकाळी पांढरे फूल उघडले, शर्टाच्या गुंडीपेक्षा लहान. विद्यार्थिनीला फोन करून एकच शब्द सांगितला: "उमललं."

गॅलरीत परत आलो तो पत्नी खालच्या मजल्यावरच्या बाईंना घेऊन कुंडीपाशी उभी.

"हात लावू नका हं. काही घालायचं नाही. ते आपलं आपण जेवतं."

"मग तुम्ही काय केलंत?" बाईंनी विचारले.

"आम्ही हात आवरला."

त्या उत्तरात मला एकही दुरुस्ती सुचली नाही.