फुटवॉलखालचं पाणी

“बसू कायले?”

खुर्ची पुढे केली की मिस्त्रींचं हे ठरलेलं उत्तर. लग्नाच्या पंगतीत ते वाढायला उभे राहत, मयतीला गेले तर अंगणात येरझाऱ्या घालत, आणि चहा माझ्या दुकानाच्या पायरीवर एक पाय ठेवून पीत. दुसरा पाय रस्त्यावर, निघायच्या तयारीत. तुमच्याही बाजारपेठेत असा एखादा माणूस असेलच. त्याच्याकडे नुसतं पाहिलं तरी आपल्याला दम लागतो.

आमच्या संत्र्याच्या मुलखातल्या मालेगावात एका गल्लीत आमची दुकानं शेजारीशेजारी होती. मी ब्लाउज शिवते. ते जळलेल्या मोटरी भरून देत, म्हणजे शेतातल्या पंपाची जळकी तार उपसून काढायची आणि नवी गुंडाळून द्यायची. आमच्यात भिंत एकच, तीही एका विटेची. त्यांची हातोडी पडली की माझ्या खिळ्यावरच्या कात्र्या हलायच्या, आणि माझी मशीन कुरकुरली की पलीकडून आवाज यायचा, “ताई, तेल टाका!” इतकं सगळं ऐकू येत असल्यावर भीड धरून चालत नाही. आम्हीही धरली नाही.

उन्हाळा आला की त्यांच्या दारात मोटरींची रांग लागायची. प्रत्येकाचं पीक त्याच दिवशी वाळत असायचं.

“मिस्त्री, कधी देता?”

“आत्ताच. तुमी चहा पेऊन या.”

चहा पिण्याच्या वेळात मोटर भरून होत नाही, हे देणाऱ्यालाही माहीत आणि घेणाऱ्यालाही. पण ‘आत्ताच’ म्हटल्यानं माणसाचा जीव भांड्यात पडायचा, आणि दिवस मावळायच्या आत मोटर खरंच मिळायची. हे सगळं काम ते उभ्यानं करत. टेबलाच्या पायांखाली विटा लावून ते उंच करून घेतलं होतं. दुकानात एक स्टूल होतं, त्यावर वॉर्निशचा डबा बसायचा.

आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी दुकान बंद असे. त्या दिवशी मिस्त्री गळ घेऊन नदीवर जात. गळ टाकणं म्हणजे एका जागी मुकाट बसायचा उद्योग, अशी माझी समजूत. मी एकदा म्हटलंच, “तुम्हाले कसं जमते हो?”

“बसते कोण? मरळ काय आपल्यापाशी चालत येते? आपल्याले तिच्यापाशी जा लागते.”

तर ते काठाकाठानं चालत राहायचे. मरळ हा आमच्याकडचा नदीतला मासा, काळपट, दांडगा, गढूळ पाण्यातही तग धरणारा. तिच्या मागे मैलोगणती फिरून मिस्त्री संध्याकाळी घरी एकच मासा आणत. बाकीचे सोडून देत. त्यासाठी त्यांची एक तऱ्हा होती. गळाच्या टोकाशी उलटा काटा असतो, तो माशाच्या जबड्यात रुतला की निघत नाही. मिस्त्री नवा गळ आणला की आधी तो काटा पकडीनं दाबून सपाट करत. मग सोडायच्या माशाचं तोंड फाटत नसे. अंड्यावर असलेली मरळ सोडायची, लहान असेल तर सोडायची, आणि धरण्याआधी आपला हात पाण्यात बुडवून घ्यायचा. “कोरडा हात पोळते तिले,” ते म्हणत.

त्यांच्या बायकोचं यावर वेगळं मत होतं. “दिवसभर उनात भाजून हे एक मासोळी आणतेत,” वहिनी माझ्याकडे माप द्यायला आल्या की सांगायच्या. “पाव्हणा आला त मी काय त्याले शेपटी वाढू?”

एकदा दोन तरणेताठे पोरगे जुनी बॅटरी घेऊन दुकानात आले. पाण्यात तार टाकली की सगळे मासे वर आले पाहिजेत, असं काहीतरी बनवून हवं होतं. पलीकडची हातोडी थांबली. मी मशीन थांबवली.

“करंट मी मोटरीले देतो,” मिस्त्रींचा आवाज आला. “मासोळीले नाई. लहान, मोठी, पोटातली अंडी, सगळं एका दमात मारसान, मंग पुढच्या वर्षी काय धरसान? गोटे?”

बॅटरी रस्त्यावर आली, पाठोपाठ पोरं. त्यांनी बाजारभर करून टाकलं, की मिस्त्रीचं डोकं जळलं हाय, ते आता कोण भरून देईन? हा टोमणा मिस्त्रींना इतका आवडला की पुढे ते स्वतःच तो लोकांना सांगत.

आता त्या उन्हाळ्याबद्दल सांगते. दोनतीन वर्षं झाली असतील.

माझं माहेर मालेगावजवळच्याच एका खेड्यात. मोठा भाऊ, आमचा दादा, तिथं शेती करतो. त्याचा संत्र्याचा बाग नदीला लागून आहे. नदी होळीनंतर आटते, पण बागेखालच्या वळणावर खडकाच्या कुशीत एक डोह आहे, तो आटत नाही. नदीतला जो मासा वाचायचा तो त्या डोहात वाचतो. त्या वर्षी आधीच्या पावसाळ्यानं ओढ दिली होती. विहिरीनं तळ दाखवला तसा दादानं पंप डोहावर लावला. झाडांवर लिंबाएवढी फळं होती. अशात मोटर जळली आणि दादा ती मोटरसायकलला बांधून मिस्त्रींकडे आला.

“कोणत्या पाण्यावर हाय?” मिस्त्रींनी विचारलं.

“डोहावर. दुसरं पाणी हाय कुठं?”

पलीकडे हातोडी टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग मिस्त्री म्हणाले, “उद्या देतो.”

माझ्या हातातली सुई थांबली. इतक्या वर्षांत त्या भिंतीतून मी हा शब्द ऐकला नव्हता. दुसऱ्या दिवशी दादा आला, तेव्हाही “उद्या”. तिसऱ्या दिवशीही तेच. दादा माझ्या दुकानात येऊन बसला तेव्हा त्याचे ओठ सुकले होते. “फळं गळून राह्यली बाई,” तो म्हणाला आणि पाणीही न पिता गेला.

त्याच दुपारी पलीकडून एक मोटर गुणगुणली. भरून झालेली मोटर मिस्त्री एकदा चालवून बघत, तो आवाज मला झोपेतही ओळखू येईल. मी तडक उठून गेले. दुकानात तेव्हा भरून झालेली दुसरी मोटरच नव्हती, आणि दादाची मोटर बारदान्याखाली झाकलेली.

“मिस्त्री, हे काय? माह्या भावाचा बाग जाऊन राह्यला!”

माझा आवाज गल्लीत गेला असणार. मिस्त्रींनी इकडून तिकडे दोन चकरा मारल्या. मग शटर ओढलं. “चला. दाखवतो.”

ते मोटरसायकलवर पुढे, मी स्कूटीवर मागे. राग इतका होता की ऊनसुद्धा लागलं नाही. डोहावर पोचले तर पाणी पार खाली गेलेलं, खडकावर ओल्या चिखलाच्या रेघा. मिस्त्री काठावर बसले. खरंच बसले, मांडी घालून. मला त्याचाच धक्का बसला, आणि मीही खाली टेकले.

“आवाज नका करू. तिकडं पाहा.”

पाण्यावर तांबडं काहीतरी हलत होतं, मूठभर शेंदूर पाण्यात सांडावा तसं. ते गोळा व्हायचं, पसरायचं, पुन्हा गोळा व्हायचं. मरळीची पिल्लं होती ती. शेकड्यानं. आणि त्यांच्या बरोबर खाली एक काळी सावली, जरा बाजूला दुसरी.

“माय-बाप हायत. पिल्लं हवा घ्याले वर येतात, हे दोघं खालून राखण करतात. लोक तांबडं दिसलं की तिथंच भाला मारतात, कारण आई तिथून हलत नाई. आता मोटर लावली की सगळं उघडं पडन. ताई, जरा मोठी होऊ द्या पिल्लायले. मले राती झोप नाई.”

दादाची फळंही खरी होती आणि हेही. मला दोघांचाही राग आला, आणि पावसाचा सर्वांत जास्त.

मागून पाचोळा वाजला. दादा उभा होता. माझी स्कूटी बांधावर दिसली म्हणून आला होता. त्याला सगळं कळायला वेळ लागला नाही.

“माही मोटर तयार हाय? अन् तुमी दोघं इथं मासोळ्या पाहून राह्यले?”

मिस्त्री उठले. “मोटर तयार हाय. चूक माही. आजच आणून देतो. फक्त एक काम करू द्या.”

पंपाचा पाइप पाण्यात उतरतो, त्याच्या टोकाला जाळीचं तोंड असतं. त्याला फुटवॉल म्हणतात. तो असतो डोहाच्या तळाशी. मिस्त्रींनी संध्याकाळी मोटर आणून बसवली, पाण्यात उतरले, खडकाच्या फटीत लोखंडी अँगल ठोकला आणि फुटवॉल तळापासून उचलून तारेनं त्याला बांधला. खाली कमरेएवढं पाणी राहिलं.

“वरचं तुमचं. याच्या खाली पाणी गेलं की मोटर हवा ओढन, मंग बंद करजा.”

“अन् जळली त?”

“मी भरून देईन. जितक्यांदा जळन तितक्यांदा.”

दादा पाठ फिरवून घराकडे चालू लागला. माझ्याकडे त्यानं पाहिलंही नाही.

तेव्हापासून मिस्त्रींना चैन पडेना. दुकान उघडायच्या आधी डोहावर एक फेरी. पायांना चिखल लागलेला असायचा, आणि भिंतीपलीकडून मला खबर मिळायची, “ताई, हाय. जागेवर हाय.” फुटवॉल खाली घ्यायला दादाला कितीसा वेळ लागला असता? तेवढंच त्यांच्या डोक्यात. इकडे बाजारात बोभाटा झाला, की मिस्त्री मोटर दाबून ठेवतात. दारातली रांग आखूड झाली. लोक त्यांना ‘उद्यावाला मिस्त्री’ म्हणू लागले. हा टोमणा त्यांनी कोणाला सांगितला नाही.

आणि मोटर जळली. दादानं फुटवॉलला हात लावला नव्हता. घोटाळा वेगळाच झाला. शेतातली वीज कधी येईल याचा नेम नाही, म्हणून आमच्याकडे सगळेच पंपाला ऑटो लावतात. वीज आली की मोटर आपली आपण सुरू होते. पाणी फुटवॉलखाली गेलेलं, दादा घरी झोपलेला, वीज आली, आणि मोटर कोरडी फिरत राहिली. तो ऑटो मिस्त्रींनीच बसवून दिला होता. अँगल ठोकताना त्यांना त्याची आठवणच राहिली नाही.

दादानं मोटर दुकानाच्या पायरीवर टाकली. “घ्या. मासोळ्या वाचल्या तुमच्या.”

दुसरी कामं बाजूला सारून मिस्त्रींनी लगेच ती खोलली. मी पाठवलेला चहा तसाच गार झाला. संध्याकाळी स्वतःच मोटर घेऊन गेले आणि ऑटो काढू का, म्हणून दादाला विचारलं.

“काढा,” दादा म्हणाला. “मंग लाइन आल्यावर बटन दाबाले कोण येईन? तुमी?”

दादानं टोमणा मारला होता. मिस्त्री खरंच जाऊ लागले. विजेची पाळी असेल तेव्हा जायचं, मोटर सुरू करायची, पाणी फुटवॉलला टेकेपर्यंत पंपापाशी फेऱ्या घालायच्या आणि बंद करून परत यायचं. मधे झिरपून पाणी जरा चढलं की पुन्हा. पहिले काही दिवस दादा घराबाहेरच आला नाही. मग एकदा त्याची बायको चहा घेऊन गेली. मग दादा गेला. दोघं काय बोलले ते मला ठाऊक नाही. बागेच्या कडेच्या दोन ओळी वाळल्या. बाकीचा बाग पाऊस येईपर्यंत कसाबसा टिकला. दादा राखीला आला, पण वाळलेल्या झाडांचा विषय त्यानं काढला नाही, आणि मी डोहाचा.

मागच्या हिवाळ्यात मिस्त्री गेले. सकाळी शटर वर करता करता उभ्याचे खाली आले. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मी त्यांच्या घरी गेले तेव्हा अंगणात सगळे बसलेले होते, आणि माझे डोळे सारखे येरझाऱ्या घालणारा माणूस शोधत होते. मी ओक्साबोक्शी रडले. वहिनींनीच मला सावरलं.

त्यांच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं विकतात. भिंत गप्प असते. माझी मशीन कुरकुरते आणि तेल टाकायचं राहून जातं.

यंदाच्या उन्हाळ्यात माहेरी गेले होते. ऊन भयंकर होतं, विहीर पुन्हा तळाला गेलेली. दादा डोहावर आहे म्हणून कळलं, तशी मीही गेले. तो पंपापाशी उभा होता. मोटर बंद होती. पाणी फुटवॉलच्या वीतभर खाली गेलं होतं, आणि त्या पाण्यावर खडकाच्या सावलीत तांबडं काहीतरी गोळा होत होतं, पसरत होतं.

मी वाकून पाहिलं. अँगल पार गंजला होता. फुटवॉल त्याच उंचीवर बांधलेला होता. बांधलेली तार नवी होती.

मला त्याच्याच तोंडून ऐकायचं होतं, म्हणून मी मुद्दाम विचारलं, “दादा, झाडं त सुकून राह्यली. फुटवॉल खाली काहून नाई घेत?”

दादानं पाण्याकडे पाहिलं. बागेकडे पाहिलं. पुन्हा पाण्याकडे.

“उद्या घेतो,” तो म्हणाला.