पप्पांच्या पाइपातलं क्रोमियम

माझे पप्पा वसईतल्या एका कारखान्यात तीस वर्षं स्टेनलेस स्टीलच्या टाक्या वेल्ड करायचे. दुधाच्या, औषधांच्या, एकदा लोणच्याची. घरात त्यांचं एकच मत ठाम होतं, ते म्हणजे स्टील गंजत नाही. राजकारण, देव आणि माझं लग्न या विषयांवर ते दुसऱ्याचं ऐकून घ्यायचे.

आमचं घर नायगावला, खाडीकडच्या गावात. मागे छोटी वाडी आहे, केळी, थोडा मोगरा आणि दोन चिकू. जुन्या बोअरचा लोखंडी पाइप गंजून गेला तेव्हा पप्पांनी शेजारी नवी बोअर मारून घेतली. पाणी आमच्याकडे उथळच लागतं. पाइप मात्र त्यांनी स्वतः केला. स्टेनलेस स्टीलचे तुकडे आणले, खालच्या तुकड्याला पाणी आत यायला बारीक चिरा पाडल्या आणि सगळं अंगणात बसून जोडलं. तीन दिवस मम्मी कपडे गच्चीवर वाळत घालत होती. पाइप जमिनीत उतरला तेव्हा पप्पा म्हणाले, "हा आपल्यामागं पन राहील."

वाडीच्या कुंपणापलीकडे एक गाळा आहे. तिथे नटबोल्टांवर जस्ताचा मुलामा चढवतात आणि शेवटी पिवळसर चमक यावी म्हणून क्रोमियमच्या पाण्याच्या टाकीत बुडवून काढतात. गाळेवाले मूळचे साताऱ्याकडचे, राहायला विरारला. पप्पांचं आणि त्यांचं छान जमायचं. आमच्याकडून केळी जायची, त्यांच्याकडून कंदी पेढे यायचे.

काही वर्षांनी केळीची पानं कडेने करपायला लागली. पप्पा म्हणाले, "पानी तपासून बघ." मी पाण्याची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत केमिस्ट आहे, त्यामुळे नाही म्हणायला कारण नव्हतं. सकाळी कामावर निघताना पंप चालू केला, नळाखाली बाटली भरली, पंप बंद केला. अर्धं मिनिट लागलं असेल.

पाण्यात क्रोमियम निघालं आणि निकेलही, दोन्ही मर्यादेच्या वर. मी रिपोर्टवर सही केली आणि घरी आणला. पप्पांनी चष्मा लावून क्रोमियमभोवती पेनने गोल काढला आणि थेट कुंपणाशी गेले.

"तुमचं क्रोमियम माझ्या पान्यात आलंय."

"काका, माझी टाकी गळत नाय. येऊन बघा हवं तर."

"रिपोर्टवर माझ्या पोरीची सही हाय."

गाळेवाले आत निघून गेले. रविवारी मिस्सा सुटल्यावर पप्पांनी चर्चच्या पायऱ्यांवर ही गोष्ट चार जणांना सांगितली. पुढच्या रविवारपर्यंत गावातल्यांच्या सह्यांसह तक्रारीचा अर्ज प्रदूषण मंडळाकडे गेला होता, मागे माझ्या सहीच्या रिपोर्टची झेरॉक्स. केळी आणि पेढे दोन्ही बंद झाले.

मला निकेल खटकत होतं, कारण त्या गाळ्यात निकेलचं काम कधीच होत नव्हतं. मी तो रिपोर्ट प्रयोगशाळेतल्या आमच्या मॅडमना दाखवला. त्यांनी वरून खाली वाचलं. लोखंड, क्रोमियम, निकेल, थोडं मँगनीज, म्हणजे स्टेनलेस स्टीलमधलेच धातू.

"हे पाणी आहे की भांडं?" त्या म्हणाल्या. मग विचारलं, "नमुना घेण्याआधी पंप किती वेळ चालवलास?"

मी नव्या मुलींना शिकवते की पाइपात साचून राहिलेलं पाणी म्हणजे जमिनीतलं पाणी नव्हे. ते आधी उपसून टाकायचं आणि मगच बाटली भरायची. हे मी त्यांना फळ्यावर लिहून देते. स्वतःच्या घरी मी रात्रभर पाइपात बसलेलं पाणी भरून नेलं होतं.

रविवारी तासभर पंप चालवला आणि थांबून थांबून बाटल्या भरल्या. पहिल्या बाटलीत क्रोमियम आणि निकेल भरपूर होतं. शेवटच्या बाटलीत जवळजवळ काहीच नव्हतं.

जेवताना पप्पांना सांगितलं. स्टीलवर एक अगदी पातळ थर असतो, तोच त्याला गंजू देत नाही. खाडीचं खारं पाणी आपल्या बोअरपर्यंत पोचलंय, तेच केळीलाही बाधलं. मीठ तो थर ठिकठिकाणी फोडतं आणि स्टीलमधलंच क्रोमियम, निकेल पाण्यात उतरतं. वेल्डिंगच्या कडेला थर आधीच कमजोर झालेला असतो, तिथे आधी.

पप्पांनी घास खाली ठेवला. "वेल्ड माझं हाय," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "पाइप काढू."

बोअरवाल्यांनी चेनपुलीने पाइप वर ओढला. बाहेरून तो बरा दिसत होता. पप्पांनी जोडाजवळ टाचणी लावली, ती आत गेली. त्यांनी एकेक जोड तपासला. मी विचारलं, "किती खराब आहेत?" ते म्हणाले, "सगळे." पाइप कापला तर आत तांबूस गंजाचा जाड लेप होता. त्यांनी बोटाने तो खरवडला आणि बोट पुसायला विसरले. मला वाटलं, माझ्यावर रागावले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चर्चला घालायचा शर्ट घातला आणि मला घेऊन गाळ्यावर गेले.

"माझा पाइप गंजला. तुमची टाकी नाय," ते उभ्यानेच म्हणाले. "माफी मागतो."

"काका, बसा हो आधी," गाळेवाले म्हणाले आणि चहा सांगितला. तक्रारीचा अर्ज पप्पांनी स्वतः जाऊन मागे घेतला. ज्यांनी सह्या केल्या होत्या त्या प्रत्येकाला कारणही सांगितलं. स्टील गंजतं हे वाक्य त्यांनी त्या आठवड्यात बऱ्याचदा म्हटलं असेल.

बोअरमध्ये पीव्हीसीचा पाइप बसवला. महिन्याभराने मी तासभर पंप चालवून, नियमाप्रमाणे नमुना घेतला आणि या वेळी सगळे धातू तपासले. क्रोमियम नाही, निकेल नाही. जस्त मात्र भरपूर. पहिल्या रिपोर्टमध्ये ते नावालाच होतं, आणि त्या रविवारच्या बाटल्यांत मी जस्त बघितलंच नव्हतं. जे शोधत होते तेवढंच तपासलं होतं.

जुन्या पाइपातला गंज खरवडून आणला आणि अॅसिडमध्ये विरघळवला. त्यात जस्त निघालं. पाण्यात विरघळलेले धातू असा गंज स्वतःवर धरून ठेवतो. म्हणजे आमच्या पाइपाने पाण्यात नसलेले दोन धातू दाखवले होते आणि असलेला एक लपवला होता.

पप्पांनी हे शांतपणे ऐकलं.

"म्हंजे परत जायचं?"

"जावं लागेल."

"मी माफी मागितलेली हाय."

"ती क्रोमियमची होती, पप्पा."

त्यांनी विचार केला. "मंग शर्ट तोच चालंल," म्हणाले.

गाळेवाल्यांनी रिपोर्ट बराच वेळ वाचला. "काका, तुम्ही एकदा काय ते नक्की करा," ते म्हणाले. पण उठले आणि टॉर्च घेऊन आले. टाकी खरंच गळत नव्हती. जस्त चढवल्यावर माल धुतलेलं पाणी ज्या गटारातून जातं, त्याच्या तळाला फरशीखाली लांब चीर होती. माती ओली होती. गाळेवाले तिथेच उकिडवे बसून राहिले. "नाय माहीत होतं मला," ते हळूच म्हणाले. पप्पांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

गटार उकरून प्लास्टिकच्या पाइपाचं केलं. मापं पप्पांनी काढली, उतार त्यांनीच धरला, आणि काम नीट व्हावं म्हणून चार दिवस तिथेच खुर्ची टाकून बसले. जमिनीतलं जस्त एकदम जात नाही, हळूहळू उतरतंय. पिण्याला आम्ही नळाचं पाणी वापरतो. मी दर तीन महिन्यांनी नमुना घेते आणि रिपोर्टच्या दोन प्रती काढते. एक घरात राहते, दुसरी पप्पा कुंपणावरून देतात. गाळेवाले ती वाचून घडी करतात आणि विचारतात, "या वेळी कुणाचं काय निघालं?"