शिखरावरची गुढी

ऐंशीच्या दशकात आम्ही अमेरिकेत, न्यू हॅम्पशरला राहत होतो. एका वर्षी नवऱ्याने ठरवलं, पाडव्याची गुढी डोंगरावर उभारायची. मी म्हटलं, "अरे, वर अजून बर्फ असेल." तो म्हणाला, "अगं, चैत्र लागला! दर रविवारी सिंहगड चढलेला माणूस आहे मी." चैत्र म्हणजे ऊन, हे त्याच्या डोक्यातून जाईचना.

पायथ्याशी खरंच ऊन होतं, म्हणून टोप्या गाडीतच ठेवल्या. झाडं संपली तसा बोचरा वारा सुटला, मग बर्फ भुरभुरायला लागला. शिखरावर पोचलो तोवर डब्यातल्या श्रीखंडाचा दगड झाला होता. हातातल्या काठीला खण आणि तांब्या बांधून त्याने गुढी उभारली, ती लगेच आडवी झाली. त्याचे लालबुंद कान बघून माझं डोकंच फिरलं. मी गुढीचा खण सोडला आणि त्याच्या कानांवरून घेऊन हनुवटीखाली करकचून गाठ मारली. अगदी ध्यान दिसत होता, पण हसत होता.

आता बाल्कनीत मी एकटीच गुढी उभारते. खण तोच आहे. दर पाडव्याला त्याला इस्त्री करते, फक्त त्या गाठीच्या चुण्या तेवढ्या सोडून.