जागा रिकामी आहे का?

इमारतीतली पोरं तिला खरखरमावशी म्हणायची आणि मोठी माणसं माघारी त्याहून वाईट काहीतरी. ती शर्टांच्या कारखान्यात शिलाई मशीन दुरुस्त करायची. साठ मशीन आणि साठ जणींच्या तक्रारी, त्यामुळे जीभ तिखट. पण सकाळी साडेसहाला हेडफोन लावून रेडिओसमोर बसली की तोंडातून ब्र निघत नसे. बोलायचं ते बोटाने. परीक्षा देऊन, परवाना काढून तिने हा नाद लावून घेतला होता. पितळी कळ दाबून तारयंत्रासारखे आखूड-लांब टोले पाठवायचे आणि समुद्रापलीकडून टोल्यांतच उत्तर यायचं.

उत्तर देणारा एकच, अकरा वर्षं. दीपगृहावरच्या नोकरीतून निवृत्त झालेला म्हातारा. दोघांनी एकमेकांना पाहिलं नव्हतं, आवाजही ऐकला नव्हता. पण त्याचा हात ती शंभर जणांत ओळखायची. लांब टोला तो जरा रेंगाळत सोडायचा. नवरा गेला तेव्हा घरी येऊन बसलेल्या नातेवाइकांपेक्षा तिला त्या टोल्यांचाच आधार वाटला होता.

आणि तिची गच्चीवरची एरिअलची तार इमारतीच्या सेक्रेटरीने कापली!

"तुमच्या तारेमुळे आमच्या टीव्हीत मुंग्या येतात," तो म्हणाला.

"मुंग्या तुमच्या डोक्यात आल्यात! लेखी परवानगी तुम्हीच दिली होतीत ना? कापण्याआधी विचारलंत मला?"

"त्यात विचारायचं काय? साधी तार तर आहे."

साधी तार! त्याच संध्याकाळी तिने ती कशीबशी जोडली. पण दुसऱ्या दिवशी दीपगृहवाला आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. महिना गेला. जिन्यात सेक्रेटरी दिसला की ती त्याला फैलावर घ्यायची. "जोडलेल्या तारेत दम राहिला नाही. माझा माणूस तोडलात तुम्ही!" तो बिचारा पुढे पुढे तर लिफ्टनेच जायला लागला.

मग साडेसहाला रेडिओवरच्या त्यांच्या त्याच जागेवर, म्हणजे नेहमीच्या फ्रिक्वेन्सीवर, कुणी नवशिका यायला लागला. या लोकांची रीत अशी, की बोलण्याआधी 'जागा रिकामी आहे का?' असं विचारायचं आणि कुणी नाही म्हटलं की मुकाट निघून जायचं. नवशिका तेवढंच विचारायचा, तेही अडखळत, टोले सांडत. 'नाही,' ती ठोकून द्यायची, 'मी एका माणसाची वाट बघतेय.' तो गप्प व्हायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. पाचव्या दिवशी तिचा पारा चढला. 'आधी हात बसव, मग ये!' त्यानंतर तो फिरकला नाही. सुटले एकदाची, म्हणाली ती.

तीन आठवड्यांनी पत्र आलं, दीपगृहवाल्याच्या सुनेचं. मावशी जिन्यातच उभी राहून वाचायला लागली.

'मामंजींना झटका आला, उजवा हात लुळा पडला. डाव्या हाताने महिनाभर सराव करून ते पाच दिवस तुमच्या जागेवर आले. तुमचा हात त्यांनी लगेच ओळखला. असल्या हाताने स्वतःचं नाव सांगायची लाज वाटते, ती ओळखेल, म्हणायचे. आता रेडिओला शिवत नाहीत. तुम्ही दुसऱ्या कुणाची तरी वाट बघताय, मध्ये यायला नको, म्हणतात. तुमचं काही भांडण झालं का?'

लिफ्ट बंद होती, म्हणून समोरून सेक्रेटरी जिन्यानेच येत होता. नेहमीप्रमाणे अंग चोरून तो भिंतीला टेकला. तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तार त्याने विचारल्याशिवाय कापली, हे खरंच. पण तिला तर विचारलं होतं, पाच-पाच वेळा, आणि नाही तिने म्हटलं होतं.

"शंभर जणांत हात ओळखतेस ना, टवळे!" ती मोठ्याने म्हणाली. सेक्रेटरी दचकला.

त्याच दिवशी तिने सुनेला लिहिलं, सकाळी फक्त रेडिओ लावून त्यांच्याजवळ ठेव. आणि रोज साडेसहाला ती त्याला हाका मारत बसली. कारखान्यात दोनदा उशीर झाला, मुकादम बोलला, त्यालाही चार शब्द ऐकवले तिने. स्वतःवरचा राग कुठेतरी काढायलाच हवा होता.

अठराव्या दिवशी टोले आले. अडखळत, सांडत. 'जागा रिकामी आहे का?'

'तुझीच आहे, मेल्या! अकरा वर्षं तुझीच आहे! नाव सांगायला काय झालं होतं?' घाईघाईत ठोकताना तिचं निम्मंअर्धं चुकलं.

 मग एकेक टोला सावकाश आला.

'आधी हात बसव, मग बोल.'