वहिनींच्या फोनवरून पाठवलेली लिंक

हे माझ्या तोंडून अजून एकदाही बाहेर पडलेलं नाही. नवऱ्यापुढं नाही, जिवाभावाच्या मैत्रिणीपुढं नाही. अंबाबाईपुढं हात जोडते तेव्हासुद्धा मी दुसरंच काहीतरी बोलून परत येते. तुम्ही मला ओळखत नाही — म्हणून तुमच्यापुढं जमेल असं वाटतंय. बघू.

राजारामपुरीत माझा क्लास आहे. फोन उचलण्यापलीकडं ज्यांनी मोबाईलला कधी हात लावला नाही, अशा बायकांना मी शिकवते — कागद स्कॅन कसा करायचा, क्लाउडवर कसा ठेवायचा, दुसऱ्याला कसा पाठवायचा. दर नव्या बॅचला घसा फाटेस्तोवर सांगते, अगं बायांनो, जो कागद द्यायचा तेवढाच द्या, अख्खं फोल्डर देऊ नका. ज्याला द्यायचा त्याच्याच नावानं परवानगी द्या. 'लिंक असेल त्या कुणालाही उघडेल' असं दिसलं की हात आखडता घ्या. काम झालं की परवानगी काढून टाका. बायका म्हणतात, म्याडम किती पोटतिडकीनं शिकवतात! पोटतिडकीनं? कसली डोंबलाची पोटतिडीक!

माझा दादा कळंब्याला राहतो. वहिनी गडहिंग्लजकडची. बोलणं मोठ्यांदा, पण मन लोण्यासारखं मऊ. घरातले सगळे कागद ती साडीच्या दुकानातल्या पिशवीत ठेवायची आणि मी तिला चारचौघांत हसायची. त्यांची एकुलती एक लेक स्नेहल, माझी भाची. तिच्यासाठी स्थळं बघायला लागले तेव्हा मीच वहिनीला नवीन फोनवर खातं काढून दिलं आणि समोर बसवून शिकवलं. ती शिकली — हे मला मुद्दाम सांगायचंय. सावकाश, दातांत जीभ धरून, पण शिकली. बायोडाटा, फोटो, पत्रिका, सगळं तिनं आपल्या हातानं चढवलं. फोल्डर तेवढं मी करून दिलं. एकच. वर नाव घातलं 'स्नेहल'. दोन करायला मला काय झालं होतं?

एकदा तिनं हळूच विचारलं, "वन्सं, हिच्या दवाखान्याची कागदं बी ह्यातच ठेवू काय? पिशवीत ठिवली की कुणी आलं-गेलं बघतंय." कॉलेजात असताना स्नेहलला फिट यायच्या. औषधानं थांबल्या, औषध मात्र चालू होतं. मी म्हटलं, ठेवा की, तुमच्या कपाटापेक्षा सेफ आहे ते.

मग एका मध्यस्थांकडून कबनूरचं स्थळ आलं. मुलगा इंजिनिअर, घरचे यंत्रमाग. स्नेहलला फोटोवरूनच आवडला होता. तिचं एकच म्हणणं होतं — फिटचं मी स्वतः त्याला सांगणार, पहिल्याच भेटीत, कुणी मध्ये बोलायचं नाही. रविवारी रंकाळ्यावर भेटायचं ठरलं. पोरीनं काय बोलायचं याची माझ्यासमोर तालीमसुद्धा केली. सांगताना हसायची, मग पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

त्याआधी त्यांना बायोडाटा हवा होता. मी वहिनीच्या घरी होते, तिच्याच फोनवरून मध्यस्थांना पाठवला. नीट पाठवला — एकच फाईल, त्यांच्या एकट्याच्या नावानं. तर त्यांना ती उघडेना. फोनवर फोन. "ओ म्याडम, ह्ये परवानगी मागतंय की! पावणं खोळंबल्यात हितं!" मला क्लासला उशीर होत होता. आणि माझं डोकं कसं तडकतं ते आमच्या गल्लीला विचारा. वहिनी गॅसपाशी चहा टाकत होती. मी तिचा फोन पुन्हा घेतला, अख्खं फोल्डर लिंक असेल त्या कुणालाही उघडेल असं केलं आणि लिंक धाडून दिली. घ्या, उघडा एकदाचं!

"झालं काय?" वहिनीनं विचारलं.

"झालं," मी म्हटलं.

आता तुम्ही विचाराल, दवाखान्याचे कागद तुझ्या लक्षात नव्हते का? होते. चहा पिताना आठवले होते — तेव्हाच. म्हटलं, क्लास आटोपून बंद करते, एवढं खोलात जाऊन कोण बघतंय? आणि मग विसरले. मी इतरांना जे करू नका म्हणून सांगते, ते मी कपबशी हातात धरून केलं.

मध्यस्थांनी लिंक जशीच्या तशी समाजाच्या वधूवर ग्रुपवर टाकली. दुसऱ्या दिवशी कबनूरहून दादाला फोन आला, "फिटचं लपवून पोरगी आमच्या गळ्यात मारताय व्हय?" मग मावशा, आत्या, चुलते, ज्यांचा काही संबंध नाही तेसुद्धा — सगळ्यांनी स्नेहलच्या गोळ्यांची नावं वाचली होती. रविवारी मुलगा आला नाही. तिनं पाठ केलेलं तिच्याजवळच राहिलं.

दादा घरात थयथयाट करत होता. सगळे माझ्याकडं बघत होते, कारण यातलं कळणारी मी एकटी ना! वहिनीचा फोन माझ्या हातात दिला. मी उघडला. आणि म्हणाले — कसं सांगू — अगदी शांतपणे म्हणाले, "मी फक्त बायोडाटा पाठवला होता. नंतर वहिनींच्या हातून काहीतरी दाबलं गेलंय." वर स्क्रीन दादापुढं धरली. खातं वहिनीचं, फोन वहिनीचा, तिथं नाव वहिनीचंच दिसणार. सगळ्यांदेखत परवानगी बंद करून दाखवली. आणि पुन्हा तोंड वर करून तिला सुनावलं, येत नसेल तर हात लावायचा नाही.

वहिनीनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता म्हणेल — वन्सं, दुसऱ्यांदा फोन तुम्हीच घेतला हुता की. म्हणाली असती तर मी भांडले असते, आवाज चढवून तिला खोटं पाडलं असतं, तेवढी माझी तयारी होती. पण ती म्हणाली, "व्हय, माझंच काहीतरी दाबलं गेलं असंल. मला कुठं कळतंय त्यातलं?"

तिनं मला वाचवलं नाही. तिचा विश्वास बसला. मीच शिकवलं होतं ना तिला! मी सांगेन ते खरं. तिला यातलं कळत नाही, म्हणून मला काहीही खपवता आलं — तुम्हाला कळतंय ना, मी काय केलं ते?

स्नेहल आईला एवढंच म्हणाली, "मी सांगणार होते, आई." त्यानंतर दोघींत बोलणं असं राहिलंच नाही. ती नोकरीला पुण्याला गेली. वहिनीनं तो फोन कपाटात ठेवून दिला आणि बटणांचा घेतला. कागद पुन्हा पिशवीत गेले. मी कळंब्याला गेले की ती अजूनही शेंगदाण्याची चटणी बांधून देते. विचारते, स्नेहलचा फोन आलता काय, जेवती का वेळंवर? कारण स्नेहल फोन मला करते. आईला सांगायचं ते मला सांगते.

गेल्या आठवड्यात म्हणाली, "आत्या, आईला माफ करायचा खूप प्रयत्न करते गं. नाही जमत."

एका वाक्यात सांगता आलं असतं. वाक्य तोंडात आलंही होतं.

मी म्हटलं, "सोडून दे गं आता. तिला काय कळतंय त्यातलं?"

ती म्हणाली, "तुझं मन मोठं आहे, आत्या."

मी 'हं' म्हटलं.