ओंकार बसला की बंद

आधीच सांगतो, मी शाळेत विज्ञान शिकवतो. आमच्या रेडी गावात माडांपेक्षा भुतं जास्त आहेत म्हणतात, पण मला आजवर एकही भेटलेलं नाही... माझा तास बहुधा त्यांनाही नको असावा.

तर माझा मुलगा ओंकार. सुटे भाग मागवून त्याने घरीच गेमिंगचा कॉम्प्युटर जोडला. आमचं ठरलं होतं — ऑनलाइन स्पर्धेत निवड झाली तर गावात राहून हेच करायचं, नाहीतर मामाने मुंबईत बघितलेली नोकरी धरायची. त्याला गाव सोडायचं नव्हतं. मलाही तो जायला नको होता, पण बाप म्हणून कपाळाला आठ्या ठेवाव्या लागत.

आणि नेमकं, गेम सुरू केला की मशीन तापायचं आणि धाडकन बंद. कोणीही बसा. पंखे साफ केले, गावच्या लोहखाणीची लाल धूळ निघाली. प्रोसेसरवरची पेस्ट बदलली. पॉवर सप्लाय नवा घातला. झाकण काढून टेबलफॅन लावला. ग्राफिक्स कार्ड बांद्याला त्याच्या मित्राकडे लावून पाहिलं — तिथे शहाण्यासारखं चाललं!

शेवटी विज्ञानाचा मास्तरच म्हणाला, "चला, देवीला गाऱ्हाणं घालूया."

देवळात बायको गुरवाच्या कानाशी लागली. गुरव भराभर बोलत सुटला आणि आम्ही बापलेक सवयीने प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा". शेवटचं वाक्य मला होकार देऊन झाल्यावर समजलं — "मशीन थंड होवंदे, आणि झीलाचां मन तेच्यातसून सुटांदे." म्हणजे मुलाचं मन त्यातून सुटू दे!

वाटेत ओंकारने विचारलं, "आये, ह्यां तू सांगलंस?"

"व्हय. आवस आसंय मी तुझी. जल्मभर गेम खेळतलंस?"

"आणि बाबानू, तुमी व्हय म्हटलात."

"तू काय वेगळां म्हटलंस?"

तो हसला. तेव्हा हसला.

घरी आलो तर मशीन खरंच गार. मी ट्रकचा गेम दुपारभर खेळलो, दोन टपऱ्या उडवल्या, तापमान हलेना. ओंकार बसला — भडकलं, बंद. मी बसलो — चालू. तीच खुर्ची, तोच गेम. असं रोज. स्पर्धेच्या सकाळी पहिल्याच फेरीत बंद पडलं. त्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि आईला विचारलं, "माझी बॅग खंय आसा?"

चतुर्थीला तो मुंबईहून आला. मधे बायको एकटीच देवळात जाऊन आली होती. काय सांगितलं ते मी विचारलं नाही. तीच त्याला म्हणाली, "बस मरे जरा कॉम्प्युटरवर."

बसला. मशीन गार, पंख्याचा आवाजही नाही. ती दारात उभी राहून बघत होती. थोड्या वेळाने त्याने आपणहून बंद केलं.

"बरां चलता," तो म्हणाला. "पण मजा येणा नाय."

सेन्सर बिघडला असेल, एखादी वायर सैल असेल... जाणकारांनी सांगावं, मी उघडून बघेन. मुलाचं काय झालं ते कुठे उघडून बघायचं, ते मला अजून कळलेलं नाही.